काइंडली अरेंज टू प्रोक्युअर मेंढरं

गाव सोडल्याची गोष्ट म्हणल्यावर तुमी आता वाट बघत असाल. एस.टी. येणार, आई पदर डोळ्याला लावणार, बाप तिकडं तोंड करून उभा राहणार, आन् मी खिडकीतनं मागं जाणाऱ्या झाडांकडं बघत बसणार. तर थांबा जरा. माझ्या वेळी त्यातलं काय बी झालं न्हाय. मंगळवेढ्याच्या स्टँडवरनं मी सोलापूरला निघालो तेव्हा आई कंडक्टरशी भांडत हुती. ज्वारीच्या पोत्याला तिकीट पडतंय असं त्याचं म्हणणं, आन् आईचं म्हणणं, "माजं पोरगं चाललंय, पोतं न्हाय. पोतं त्याच्या मांडीवर बसंल." आण्णा, म्हंजी माझे वडील, टायरला पायानं टोचून हवा बघत हुते, जसं काय गाडी त्यांनाच सोलापूरपतोर चालवायची हुती. गाव सोडताना मी बोललेलं शेवटचं वाक्य म्हंजी, "आये, सोड की त्येला, गाडी सुटंना झालीया."

रडायला सवडच मिळाली न्हाय कुणाला. मला रडू आलं ते बेगमपूरचा पूल ओलांडल्यावर, आन् ते बी पोत्याच्या वजनानं मांडी बधिर झाली म्हणून. मी तरी सगळ्यांना असंच सांगतो.

हे लिहितोय ते गावात राहिलेल्या माझ्या दोस्तांसाठी, आन् जे माझ्यासारखे पोतं मांडीवर घेऊन कुटं कुटं गेले, त्यांच्यासाठी. तुमाला ठाऊकच हाय, गावात मला 'टेप' म्हणतात. शाळेत हेडमास्तरांचा खोकला काढायचो. पिठाच्या गिरणीचं इंजिन सुरू होताना कसं कण्हतं, ते काढायचो. आन् सगळ्यात फर्माईश असायची बिरूमामांच्या आरोळीची. बिरूमामा म्हंजी सांगोल्याकडचे मेंढपाळ. दरसाल मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरणारे. नात्यानं आमचे कोण न्हाईत, पण आण्णा त्यांना मामा म्हणतात म्हणून मी बी मामाच म्हणतो. त्यांची ती "हुर्रर्र ह्याऽऽ ह्या ह्या" मी काढली की बायका दारात येऊन बघायच्या, मेंढरं आली का म्हणून.

सोलापुरात मात्र टेप बंदच पडला.

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मला स्टोअरमध्ये काम लागलं. मशीनचे सुटे भाग, तेल, दोरे, सगळं स्टोअरमधनं जातं. पहिल्याच आठवड्यात मशीनवाल्यानं मला बेअरिंग आणायला धाडलं. मी खरेदी विभागाच्या खिडकीपाशी गेलो आन् म्हणालो, "ओ काका, दोन बेअरिंग द्या की." आतली सगळी माणसं हसली. लई वेळ हसली. एका बाईंनी तर चष्मा काढून पुसला. मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण ते माझ्या कलेला हसायचे. हे मला हसले. दोन्ही हसणं कानाला सारखंच लागतं, पण पोटात वेगळ्या जागी जातं.

त्या दिवशी स्टोअरच्या बिराजदार सरांनी मला बाजूला घेतलं. सर अक्कलकोटचे, मराठी बोलताना मध्येच कन्नड येतं. "ए तम्मा," म्हणाले, "हितं द्या-बिद्या चालत न्हाय. आपल्याकडं असंल तर इश्यू. नसंल तर प्रोक्युअर. लिहून घे." आन् त्यांनी ते वाक्य दिलं: काइंडली अरेंज टू प्रोक्युअर द सेम. पुढं तीन गोष्टी लागतात. काय पायजे, किती पायजे, कधीपतोर पायजे. "किती न्हाय लिहिलं तर तो कागद मी फाडतो," सर म्हणाले. "मग तू रड, न्हाय तर नाच."

साध्या भाषेत सांगायचं तर 'बाबांनो, आणा की ते' एवढाच त्याचा अर्थ. पण ते वाक्य टाकलं की खिडकीतली बाई हसायची न्हाय. मान हलवायची आन् शिक्का मारायची. मला तर ते वाक्य म्हंजी हेल्मेटच वाटलं. अजून मी पक्का झालेलो न्हाय, सहा-सहा महिन्यांवर चाललोय, आन् दर खेपेला वाटतं की आता हाकलतात. त्यामुळं मी ते हेल्मेट डोक्यावरनं उतरवेनाच. मेसवाल्या मावशींना भाजी मागताना तोंडातनं 'काइंडली' निघायचं. एकदा फोनवर आईला म्हणलं, "आये, काइंडली शेंगादाण्याची चटणी अरेंज कर." मग तिनं घाबरून विचारलं, "कोन आजारी हाय रं? खरं सांग."

आता गावात कसं हुतं बघा. दह्याला विरजण लागलं तर वाटी घेऊन जायचं आन् दारात उभं राहायचं. वाटी बघितली की समोरच्या बाईला कळतं. मोठं काय मागायचं असलं तर तोंडानं मागायचंच न्हाय. बिरूमामांची मेंढरं रानात बसवायची असली तर आण्णा काय करायचे, ते मी लहानपणापासनं बघितलंय. मेंढरं पेरणीआधी रात्रीची रानात बसली की त्यांच्या लेंडीमुताचं खत असं जमतं की तसलं खत पोत्यात मिळत न्हाय. म्हणून सगळ्यांनाच मामा पायजे असतात. आण्णा चहाची पुडी, गूळ आन् तंबाखू घेऊन जायचे. मामांच्या गुडघ्याची चौकशी करायचे, कुत्र्याची करायचे, सांगोल्याकडं कोण वारलं त्याची करायचे. रानाचं नाव न्हाय. चहा पिऊन उठायचे, धोतर झटकायचे, दहा पावलं जायचे आन् मागं वळून म्हणायचे, "रान मोकळंच हाय बरं का, मामा." मामा म्हणायचे, "बघू की." झालं. त्या 'बघू की'वर आण्णा घरी येऊन निवांत झोपायचे, आन् एक दिवस मेंढरं यायची.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, म्हणून मी त्याची बी नक्कल करायचो. ते काम कधी माझ्यावर येईल, असं वाटलं न्हवतं.

या साली श्रावण सरता सरता आईचा फोन आला. आण्णा बांधावरनं घसरले, पायाला प्लास्टर घातलंय. मामा ओढ्याकाठी उतरलेत. आन् मग तिनं आवाज बारीक करून सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मागची दोन सालं मामांची वाट बदलली हुती, ते दुसरीकडनं गेलेले, आमच्या रानाला खत न्हाय, ज्वारी कशीबशी गुडघ्याच्या वर आलेली. आता मी बी घरात न्हाय. आण्णा म्हणालेत, अवंदा मेंढरं बसली तर रान आपण करू. न्हाय बसली तर शेजारच्या तात्याला वाट्यानं देऊन टाकू.

"त्येंनी ठरीवलंय," आई म्हणाली. "तू ये आन् मामाला सांग."

एकदा वाट्यानं गेलेलं रान परत हातात येतंय का, ते तुमाला ठाऊक हाय. तात्याचं रान आमच्या बांधाला लागून. तो वाटच बघत बसलेला. मी शनिवारी गाडीत बसलो. सोमवारी सकाळी परत हजर व्हायचं हुतं. मांडीवर या खेपेला पोतं न्हवतं, तरी मांडी बधिर झाली. सबंध रस्ताभर एकच डोक्यात, मामा 'बघू की' म्हणाले आन् आलेच न्हाईत तर? 'बघू की'ला काय शिक्का असतो? तारीख असते? बिराजदार सर असते तर त्यांनी 'बघू की' फाडून टाकलं असतं.

रविवारी सकाळी आईनं चहाची पुडी आन् गूळ पिशवीत घातला. तंबाखूची पुडी आण्णांनी उशाखालनं काढून दिली. म्हणाले, "लई बोलू नगंस." बस, एवढंच.

ओढ्याकाठी मामांनी मला लांबनंच वळखलं. "कोन रं त्यो? टेप न्हवं? आगं ए, टेप आलाय बग!" मामी चुलीपासनं उठून आली. "केवडा सुकलास रं," म्हणाली, "शेरात खायला घालत्यात का नुसतं बघाया देत्यात?" मामांनी मला घोंगडीवर बसवलं. गुडघ्याची चौकशी मी केली. कुत्र्याची केली. कुत्रं मला चाटून गेलं. मामा म्हणाले, "आता काड की माजा आवाज. लई साल झालं ऐकून."

आन् हितंच माझं गणित बिघडलं. मला वाटलं, मी आता कामाचा माणूस हाय. बापाच्या जागी आलोय. आवाज काढत बसलो तर मामा मला पोरकट समजतील आन् काम राहून जाईल. मी म्हणालो, "ते नंतर, मामा. आदी कामाचं बोलू." मामांचा चेहरा जरा बारीक झाला. माझ्या हाताला घाम सुटला, आन् घाम सुटला की माझ्या डोक्यावर ते हेल्मेट आपोआप चढतं. माझ्या तोंडातनं बिराजदार सरच बोलायला लागले.

"मामा, आमच्या रानासाठी काइंडली अरेंज करा. एकूण मेंढरं किती हायत? किती रात्री बसवणार? आन् कुटल्या तारखेपासनं?"

मामी जाग्यावरच थांबली. मग तिनं वाकून मूठभर माती उचलली, मेंढरांच्या दिशेनं ओवाळली आन् लांब फेकली. तेव्हा मला आठवलं. आठवलं काय, लहानपणापासनं ठाऊकच हुतं की. मेंढपाळाला मेंढरं किती, हे तोंडावर विचारायचं नसतं. दिष्ट लागते. आमच्याकडं शेंबडं पोर सुदा विचारत न्हाय. आन् मी, टेप, ज्याला मामांच्या खोकल्यासकट सगळं पाठ, तो क्वांटिटी विचारून बसलो.

"मोजाया आलास व्हय," मामा म्हणाले. रागानं न्हाय, हळूच. त्याचीच जास्त भीती वाटली. "सरकारी मानसं येत्यात आशी मोजाया."

"न्हाय वो मामा, तसं न्हवं..."

"च्या घे. निवतूय."

चहा घेतला. कसला लागतोय. उठलो, दहा पावलं गेलो, आण्णांसारखं मागं वळून म्हणालो, "रान मोकळंच हाय बरं का, मामा." मामा कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत हुते. काय बोलले न्हाईत. 'बघू की' सुदा न्हाय. ज्या 'बघू की'ला मी रस्ताभर नावं ठेवली, तेवढं एक ऐकायला मिळावं म्हणून मी तितं किती वेळ उभा हुतो, ते त्या कुत्र्यालाच विचारा.

घरी आण्णांनी विचारलं, "काय म्हनला?"

"काय न्हाय. च्या पाजला," मी म्हणालो. हे खोटं न्हवतं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग प्लास्टरकडं बघितलं, आन् भिंतीकडं कूस केली. आई भाकरी थापत हुती, तिचा हात थांबला आन् परत सुरू झाला. मी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठलो. सोलापुरातल्या खोलीत मी दररोज रात्री झोपताना हे रान बघतो. डोळे मिटले की बांध, बाभळ, विहिरीकडची उतरण, सगळं जाग्यावर हाय का बघतो आन् मग झोपतो. उद्या तितं तात्या औत धरून उभा असंल तर मी झोपताना काय बघायचं?

दुपार कलली तसा मी रानात गेलो. पावसानं उघडीप दिलेली, ढेकळं वरनं वाळलेली. आन् लांबनं घुंगराचा आवाज आला. मामांची मेंढरं ओढ्यातनं वर येत हुती. सरळ आली असती तर आमच्या रानात आली असती. पण ती बांधाच्या कडंनं वळली, तात्याच्या अंगाला. तात्या त्याच्या रानात उभा. डोक्यावर टॉवेल. आमच्याच कारखान्यातला असावा, मेला.

मामा लई मागं राहिलेले, गुडघा धरून चालत हुते. पुढं घुंगरूवाली थोरली मेंढी आन् तिच्या मागं सगळा कळप. तात्याच्या बांधाला ती पोचतच आली हुती.

मी इचार केला असं म्हणणार न्हाय. इचार केला असता तर केलंच नसतं. मी बाभळीमागं गेलो, तोंडाला दोन्ही हात लावले आन् सोडली. "हुर्रर्र ह्याऽऽ ह्या ह्या!" मामांचा आवाज, मामांच्या घशातली खरखर, शेवटी ते जसं दम लागून तोडतात तशी तोडलेली. थोरली मेंढी थांबली. कान हलवले. मी परत सोडली. आन् ती वळली! तिच्या मागं सगळा कळप वळला, बांधावरनं उड्या टाकत, धूळ उडवत, बँ बँ करत आमच्या रानात घुसला. कुत्रं मध्येच उभं राहून एकदा मामांकडं बघत हुतं, एकदा बाभळीकडं. मामा तर तोंड उघडं टाकून उभे. स्वतःचा आवाज समोरनं येतोय म्हणल्यावर माणूस काय करणार?

कळप रानाच्या मध्यावर आला आन् थोरली मेंढी गुडघे मोडून खाली बसली. मग दुसरी बसली. तात्या तिकडनं ओरडत आला, "मामा, आवो हिकडं ठरलंय न्हवं?"

मामांनी बसलेल्या मेंढरांकडं बघितलं, कपाळावर हात मारला. "लक्षुमी बसलीया," म्हणाले. "बसल्याली लक्षुमी आजपतोर उटीवली न्हाय म्या. तुज्याकडं पुढच्या टायमाला."

मग ते बाभळीकडं वळले. "भाईर ये, टेप."

मी बाहेर आलो, आन् सुरू झालं. माझ्या उभ्या जन्मात मी एवढ्या शिव्या खाल्लेल्या न्हाईत. "माजाच आवाज चोरतूस व्हय रं भाड्या! उद्या माजी बायकू सुदा हाक मारून न्हेशील! मेंढरू खड्ड्यात पडलं आसतं म्हंजी? पाय मोडला आसता म्हंजी? आं?" मी मान खाली घालून उभा. मामी मागनं आली, तिनं माझा कान धरला आन् ओढला, खरंच ओढला, आन् म्हणाली, "सकाळी साहेब हुता ह्यो. आता कसा मानसात आला बग." मामा शिव्या देता देता मध्येच थांबले, तोंड फिरवलं, आन् त्यांचे खांदे हलताना मला दिसले. पण वळले तेव्हा परत रागातच हुते.

तेवढ्यात आण्णा. गलका ऐकून कुबडी ढेकळात रुतवत, आईच्या खांद्यावर हात टाकून आलेले. त्यांनी सगळं रान बघितलं, हिकडनं तिकडं, आन् मामांनी त्यांना सकाळपासनंचं सगळं सांगून टाकलं. मेंढरं रवंथ करत हुती. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"लाज वाटती का?" आण्णा म्हणाले. "त्यो आवाज सकाळी त्येच्यासमोर काडला आसतास तर म्हातारा हासत हासत आला आसता. तवा तुला साहेब हुयाचं सुचलं. आपल्या मानसाकडं मागाया गेलास का जनगणना कराया?"

"चुकलं," मी म्हणालो.

"आन् रान आपन करायचं म्हनल्यावर पेराया कोन येनार? माजा ह्यो पाय? का तुजा त्यो बिराजदार?"

रान आपण करायचं. एवढं ऐकायलाच मी आलो हुतो, पण तोंड मात्र सुधारलं न्हाय. मी म्हणालो, "मी येतो की. फकस्त तारीख आदी कळवा, म्हंजी मला रजेचा अर्ज..."

"तारीख?" आण्णांनी कुबडी अशी आपटली की जवळची दोन मेंढरं दचकली. "रानाला पेरायचा वापसा काय तुज्या कारखान्याला इचारून येतोय व्हय? फोन करीन तवा निगायचं. आन् तितं काय अर्ज द्यायचा त्यो दे. मला कागदबिगद काय धाडू नगंस. नुसता ये."